चौदाशे पुस्तकं, दोन खोल्या आणि एक गाळा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी मिरजेची, वय ५२. यजमान रेल्वेतून निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन गेली. सासरे शिक्षक होते. त्यांची कपाटं आवरताना काही जुनी पुस्तकं इन्स्टाग्रामवर टाकली, ती आठवड्याभरात गेली आणि मला नादच लागला. गेले चौदा महिने मी रद्दीच्या दुकानातून किलोला ३० रुपयांनी निवडून पुस्तकं आणते, पुसते, फोटो काढते, विकते. महिन्याला ३५-एक जातात, सरासरी १२० रुपयांना, टपालखर्च गिऱ्हाइकाचा. पण आज घरात १४०० पुस्तकं पडून आहेत आणि दोन खोल्या भरल्यात. हे म्हणतात, "एक तर दुकान टाक, नाही तर सगळं रद्दीत घाल." बाजाराजवळ एक गाळा बघितलाय, भाडं महिना ६००० रुपये. रद्दीत घालायला माझा हात धजत नाही. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आपण. त्यात एकानं कादंबरी परत पाठवली, मधली सोळा पानंच नव्हती. दुसऱ्या एका बाईंनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की मी पायरेटेड कॉपी विकते. शिवाय एका वाड्यातून लाल कापडात बांधलेल्या पाच पोथ्या आल्यात, परदेशातले एक गृहस्थ त्यांना चांगली किंमत द्यायला तयार आहेत. काय करू?

— एक वाचक, मिरज

उत्तर

ताई, नमस्कार. गाळा घेऊ नका. हे आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही अनामत रक्कम देऊन बसला असाल तर बाकीचं वाचण्यात अर्थ नाही.

तुमच्याच आकड्यांवरून हिशेब मांडू. चौदा महिन्यांत विकली ४९०, उरली १४००, म्हणजे आणली १८९०. एक पुस्तक साधारण ३०० ग्रॅमचं धरलं तर ५६७ किलो, म्हणजे खरेदी १७ हजारांची. विक्री झाली ५८,८०० रुपयांची. खोका, कागद, चिकटपट्टी धरून पुस्तकामागे १२ रुपये गेले असं मानलं, तर सगळं वजा जाऊन हातात ३६ हजारांच्या आसपास उरतात. महिन्याला अडीच हजार. रिक्षा आणि मोबाईलचा खर्च यातून अजून वजा केलेला नाही, तुमच्या श्रमांचा रुपयाही धरलेला नाही. आता यातून सहा हजार भाडं कसं निघणार? उरलेल्या १४०० पुस्तकांना तुम्ही मोजलेले पैसे आहेत फक्त साडेबारा हजार. साडेबारा हजारांचा माल ठेवायला वर्षाला ७२ हजारांची जागा, असा हा सौदा आहे.

गाळा घेतला की गिऱ्हाईक वाढेल, असं यजमानांचं म्हणणं असेल. जुन्या पुस्तकांना रस्त्यावरचं गिऱ्हाईक मिळतं, नाही असं नाही. पण ते मुंबईत फाउंटनला, माटुंग्याला किंग्ज सर्कलला, पुण्यात अप्पा बळवंत चौकात. तिथे माणूस मुळात पुस्तकासाठीच आलेला असतो. भाजी घ्यायला निघालेलं माणूस वाटेत एखादं पुस्तक घेईल, या भरवशावर भाडं भरू नये.

आता खरी गोष्ट. तुम्ही आणलेल्या चार पुस्तकांतलं एक विकलं गेलं. धंदा म्हणून हे प्रमाण वाईट नाही. जगभर जुन्या पुस्तकांचा ऑनलाइन व्यापार असाच चालतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या देणगीच्या दुकानांतून आणि ग्रंथालयांतून ट्रकने माल उचलतात आणि त्यातला मोठा भाग पुढे लगदा करायला पाठवतात. एके काळी अमेझॉनवर एक सेंटला पुस्तकं विकणारे अमेरिकी विक्रेते होते. पुस्तकात त्यांना काहीच मिळत नसे, टपालखर्चापोटी गिऱ्हाइकाकडून जे ठरावीक पैसे मिळत त्यातून वाचेल तेवढी त्यांची कमाई. ते टिकले ते चाळणीच्या जोरावर. पुस्तक हातात आल्या आल्या ठरायचं : हे फडताळात, हे रद्दीत. तुमच्याकडे पहिला निम्मा भाग चोख चाललाय. दुसरा निम्मा चौदा महिन्यांत एकदाही झालेला नाही, म्हणून खोल्या भरल्या.

आणखी एक कटू गोष्ट. महिन्याला ३५च्या वेगानं, आजपासून एकही पुस्तक आणलं नाहीत तरी हा साठा संपायला ४० महिने लागतील, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात तो संपणारच नाही, कारण चांगलं ते आधीच गेलंय. घरात उरलंय ते बहुतेक गिऱ्हाइकांनी बघून सोडून दिलेलं.

बहुतेक म्हणालो, सगळं नव्हे. मराठीत काही पुस्तकं अशी असतात की त्यांना वर्षातून एकच गिऱ्हाईक येतं, पण ते येतं आणि मागाल ती किंमत देऊन जातं. जिल्ह्याचा किंवा गावाचा इतिहास, कुलवृत्तांत, जुनी गॅझेटिअरं, कोश, संगीतावरची आणि नाटक कंपन्यांची पुस्तकं, बोलींचे अभ्यास, बंद पडलेल्या प्रकाशनांची अनुवादित पुस्तकं, चांगल्या संपादकांचे जुने दिवाळी अंक. यांना थांबू द्या. याउलट तीस-चाळीस वर्षांत ज्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि ज्या प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या शोकेसमध्ये होत्या, त्या कादंबऱ्या कितीही पिवळ्या पडल्या तरी दुर्मिळ होत नाहीत. जुनं आणि दुर्मिळ यांत फरक करायचा तर एकच चौकशी करा : हे पुस्तक आज नवं विकत मिळतं का? मिळत असेल तर छापील किमतीच्या निम्म्याहून खाली लावा आणि दोन महिने वाट बघा. नाही गेलं तर बाहेर.

परीक्षांची पुस्तकं तर दुधासारखी नासतात. १ जुलै २०२४ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि त्याबरोबर फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. त्या दिवशी कायद्याच्या जुन्या पुस्तकांचे ढीगच्या ढीग रद्दी झाले. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांच्या जाडजूड संचांचं तेच झालं. पाठ्यपुस्तकांचे अभ्यासक्रमही आता इयत्तेइयत्तेनं बदलतायत आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. तुमच्या दोन खोल्यांत असा माल किती आहे ते बघा. माझा अंदाज, शंभर-दीडशे तर सहज निघतील. त्यांच्यापासून सुरुवात करा, मनही कमी दुखेल.

हात धजत नाही म्हणता, ते समजतं. पण एक विचारतो : कपाटामागे भिंतीला टेकून ठेवलेल्या गठ्ठ्यात कसर लागून, पावसाळ्यात बुरशी धरून जे पुस्तक मरतं, त्याचा मान राखला जातो का? तेच वेळेवर दिलं तर त्याचा कागद तरी होतो. तुमचा रद्दीवाला ते मोठ्या गोदामाला देतो, तिथून गाठी बांधून माल कागद गिरण्यांकडे जातो. वापीकडे तर रद्दीवर चालणाऱ्या गिरण्यांची रांगच आहे. कागदाचा तंतू दर फेरीला आखूड होत जातो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो निकामी होतो, पण तोवर त्याचे खोके, पुठ्ठे, वह्या होत राहतात. बुरशी धरलेल्या, ओल्या कागदाला मात्र गोदामवाला हात लावत नाही, लावला तर वजनात कापतो. ठेवून ठेवून तुम्ही पुस्तक वाचवत नाही, त्याचा शेवटचा उपयोगही घालवता.

देताना थोडे कष्ट घ्या, भाव बरा येतो. पुठ्ठा बांधणीची कव्हरं उपटून वेगळी, प्लॅस्टिक लॅमिनेशनची कव्हरं वेगळी, स्पायरलची तार काढून. पाठीचा डिंक, म्हणजे हल्लीच्या पुस्तकांत जो गरम करून ओततात तो, गिरणीत फार त्रास देतो. लगद्यात त्याच्या चिकट गुठळ्या होतात आणि त्या यंत्राला नि कागदाला धरतात. पाठीची अर्ध्या बोटाची पट्टी कापून टाकलीत तर पांढरा कागद पांढऱ्याच्या भावानं जातो. हे काम यजमानांना द्या, निवृत्त माणसाला कटर आणि पट्टी हातात मिळाली की बरं वाटतं. आणि सुटी पानं कोपऱ्यावरच्या भेळवाल्याला देऊ नका. छपाईची शाई पोटात जाते, म्हणून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायलाही अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे.

कसर आधीच लागलेली पुस्तकं असतील आणि ती ठेवण्याजोगी असतील, तर कोरडं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि किमान दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाही तर दव धरून पानं ओली होतात. किडे आणि अंडी यानं मरतात. बुरशी मरत नाही, तिला ऊन-वारा आणि कोरडा ब्रश. (फ्रीझरमध्ये काय ठेवलंय ते घरच्यांना आधी सांगा.)

परत आलेल्या कादंबरीबद्दल. सोळाच पानं कशी गेली, याचं कारण छपाईत आहे. पुस्तक फॉर्मांनी, म्हणजे मोठ्या कागदाच्या घड्यांनी छापतात आणि एक फॉर्म सहसा सोळा पानांचा असतो. बांधताना एखादा फॉर्म राहतो, नाही तर एकच दोनदा येतो. म्हणून फोटो काढायच्या आधी सगळी पानं चाळायची गरज नाही, दर सोळाव्या पानाला आकडा बघा : १७, ३३, ४९, ६५. दोनशे पानी पुस्तकाला एक मिनिट पुरतं. चाळताना मधे कुणाचं पत्र, फोटो, पासबुकाचं पान सापडलं तर ते पुस्तकाबरोबर विकायचं नसतं, मूळ घर माहीत असेल तर तिथे पोचवायचं. फोटो पाच काढा : मुखपृष्ठ, पाठ, आतलं शीर्षकपान, प्रकाशक-आवृत्ती-किंमत छापलेलं पान, आणि पुस्तकावरचा सगळ्यात वाईट डाग. शेवटचा फोटो बघून गिऱ्हाईक पळतं असं वाटतं, पण परत येणारी पुस्तकं त्यानंच थांबतात. आणि नाव देवनागरीबरोबर रोमन लिपीतही लिहा, कारण मराठी वाचक शोधताना निम्म्या वेळा इंग्रजी कीबोर्डच वापरतात. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नसतो, त्यामुळे मोठ्या संकेतस्थळांवर ती सापडायची तर नावाचाच आधार असतो.

"पायरेटेड" म्हणणाऱ्या बाईंना उत्तर देण्याआधी ते पुस्तक पुन्हा डोळ्यांसमोर आणा. कागद पातळ आणि पलीकडची अक्षरं दिसणारा, छपाई तिरकी किंवा फिकट, कव्हरवरचं चित्र धुरकट, समास एका बाजूला खाल्लेला. असं असेल तर बाई बरोबर आहेत. पैसे परत करा, प्रत फाडून टाका. अस्सल जुनी प्रत विकायला कायद्याची आडकाठी नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात लेखक-प्रकाशकाचा प्रती वितरित करण्याचा हक्क आधीच बाजारात आलेल्या प्रतींना लागू होत नाही. पण नकली प्रत जाणूनबुजून विकणं हा गुन्हा आहे आणि कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. फुटपाथवरचे इंग्रजी बेस्टसेलर रद्दीत आले तर डोळे मिटून बाजूला काढा. ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या पुस्तकाचंही तसंच. दाखल क्रमांकावर "निर्लेखित" (म्हणजे नोंदीतून काढून टाकलेलं) असा शेरा नसेल तर ते कुणाच्या तरी घरी राहून गेलेलं ग्रंथालयाचं पुस्तक आहे. त्या ग्रंथालयाला फोन करा.

कराची काळजी तुम्हाला तूर्त नको. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे आणि निव्वळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. उद्या बुकमार्क नि कापडी पिशव्या विकायला लागलात तर मात्र सीएला विचारा. टपालासाठी १ मे २०२५ पासून पोस्टाची "ज्ञान पोस्ट" सेवा आहे, शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये आणि वर कर, असा सुरुवातीचा दर होता. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. पार्सल रस्त्यानं जातं, त्यामुळे वेळ लागतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. तीनशेची मर्यादा पॅकिंगसकट आहे, म्हणून घरी छोटा काटा घ्या. कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात नको. दार उघडलं नाही म्हणून परत आलेल्या पार्सलचे दोन्ही बाजूंचे पैसे तुमच्या बोकांडी बसतात.

आणि आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. तुम्ही मिरजेत राहता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्या गावात १९६२ पासून आहे, सांगलीत आणखी एक खासगी, शिवाय वालचंदचं अभियांत्रिकी. दर वर्षी शेकडो मुलं दोन-दोन, तीन-तीन हजारांची पुस्तकं घेतात आणि वर्ष संपलं की हॉस्टेलच्या रद्दीवाल्याला किलोवर देऊन गावी जातात. तुम्ही मात्र त्याच गावातून १२० रुपयांची कादंबरी नागपूरला पाठवताय! परीक्षा संपल्याच्या आठवड्यात हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर आणि मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिठ्ठी लावा : "पुस्तकं घरी येऊन घेऊ, आवृत्ती बघून भाव." चालू किंवा एक आवृत्ती मागची घ्या, त्याहून जुनी फुकट मिळाली तरी नको. अप्पा बळवंत चौकातली दुकानं करतात तसं करा. विकतानाच सांगा की वर्षाअखेरीस चांगल्या स्थितीत परत आणलं तर अमुक किमतीला घेऊ, म्हणजे पुढच्या वर्षीचा माल आपल्या पायांनी घरी येतो. टपाल नाही, खोका नाही, परत पाठवणं नाही. अशी महिन्याला दहा पुस्तकं गेली तरी आजच्या पस्तीसांपेक्षा जास्त सुटतील, असं मला वाटतं. मात्र हा धंदा हंगामी आहे, त्यामुळे घेतलेला माल सत्र सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत गेलाच पाहिजे.

यजमानांशी तह करा. ते जागेबद्दल बरोबर आहेत, धंद्याबद्दल नाहीत. एक खोली त्यांना परत द्या, दुसरीत जेवढी फडताळं मावतील तेवढाच साठा. एक नवं आलं की एक जुनं जाईल. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आणल्याचा महिना लिहा. दोन महिने उलटलेलं, दुर्मिळ नसलेलं पुस्तक आपोआप बाहेर. गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला द्यावंसं वाटलं तर आधी यादी पाठवा आणि त्यांनी मागितली तेवढीच द्या. दान म्हणून दोनशे पुस्तकं त्यांच्या दारात उतरवलीत, तर तुमची अडचण नुसती त्यांच्या घरी जाईल.

राहिल्या पोथ्या. परदेशातल्या गृहस्थांना आज काहीही कळवू नका. आधी त्या हाताने लिहिलेल्या आहेत की शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, ते बघा. शिळाछाप पोथी दिसते हुबेहूब हस्तलिखितासारखी, पण अखेरीस बहुधा छापखान्याचं नाव आणि शके दिलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं, शके १८०० म्हणजे १८७८. भिंगातून पाहिलं तर लिहिलेल्या अक्षरात बोरू टेकल्याजागी शाई दाट आणि पुढे विरळ होत गेलेली दिसते, छापलेल्यात ती सगळीकडे एकसारखी असते. त्या हस्तलिखित असतील आणि ७५ वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या असतील, तर १९७२च्या पुरावस्तूंच्या केंद्रीय कायद्याखाली येतात. खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि देशात धंदा म्हणून विकायच्या तर परवाना लागतो. कुरिअरच्या फॉर्मवर "जुनी पुस्तकं" लिहून पाठवा असं ते गृहस्थ सुचवत असतील, तर त्यांचा नंबर ब्लॉक करा.

कोल्हापूर तुम्हाला तासाच्या वाटेवर आहे. शिवाजी विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात हस्तलिखितांचा संग्रह आहे, तिथे पोथ्या दाखवा. किंवा पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात, १९१० पासून त्यांचं हेच काम चाललंय. जाताना लाल कापड सोडू नका, पानांचा क्रम बदलू नका, आणि ज्या वाड्यातून त्या आल्या त्या घरच्या लोकांना एकदा फोन करून विचारा, रद्दीत काय गेलंय हे त्यांना माहीत आहे का.